बसची वाट व कॅमेऱ्याची साक्ष

मोठ्या शहरात रस्त्याच्या जागेइतकी दुर्मिळ अशी सार्वजनिक वस्तू आज दुसरी क्वचितच सापडेल. आणि आश्चर्य हे की, तिची वाटणी कोणत्या न्यायाने व्हावी ह्याचा विचार फार थोडे लोक करतात. जो आधी आला त्याने जागा घ्यावी, मागून आलेल्याने थांबावे, एवढाच तेथील रिवाज. एका मनुष्यास घेऊन निघालेली मोटार जेवढी लांबी व्यापते, तिच्या अडीच-तीनपट लांबीत पन्नास माणसांची बस मावते; तरी दोन्ही वाहनांस रांगेत एकच नंबर मिळतो. ही वाटणी बरोबर नाही असे वाटून जगातील पुष्कळ शहरांनी रस्त्याचा एक पट्टा रंगाने आखून केवळ बसगाड्यांकरिता राखून ठेवला. ह्या राखीव मार्गिकेत इतर वाहनांनी शिरू नये, म्हणून अलीकडे तेथे कॅमेरे बसविण्यात येऊ लागले आहेत, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वाहनाच्या मालकास घरबसल्या दंडाची नोटीस जाते. हे योग्य की अयोग्य, ह्याविषयी लंडन व न्यू यॉर्क ह्या शहरांत मोठा वाद चालत आला आहे. आपल्या राज्यातही ई-चलान ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही, व आमच्या पालकवर्गापैकी अनेकांच्या मोबाइलवर ते केव्हा ना केव्हा येऊन थडकले असेलच. तेव्हा हा वाद समजून घेणे वडीलधाऱ्यांस व विद्यार्थ्यांस सारखेच उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

प्रथम मार्गिकेचा थोडा पूर्वेतिहास. न्यू यॉर्क शहरात १९६३ साली, पॅरिसमध्ये १९६४ साली व लंडनमध्ये १९६८ साली व्हॉक्सहॉल पुलावर अशा मार्गिका प्रथम आखल्या गेल्या. न्यू यॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यू रस्त्यावर तर १९८१ साली एक सोडून दोन पट्टे बसकरिता देण्यात आले. आपल्याकडे पुणे शहराने २००६ साली कात्रज, स्वारगेट व हडपसर ह्यांस जोडणाऱ्या मार्गावर हा प्रयोग केला, आणि दिल्लीने २००८ साली. पुण्याचे वाचक सांगतील की, राखीव मार्गात दुचाक्या व मोटारी शिरत, आणि त्यांस अडविण्याकरिता तोंडाशी माणसे उभी करावी लागत. दिल्लीने आपला मार्ग २०१६ साली उखडूनच टाकला.

ह्या सर्व ठिकाणी एकच अडचण दिसून आली. रंग म्हणजे भिंत नव्हे. पट्टा रंगविला, पाटी लावली, नियम छापला. परंतु "दोनच मिनिटे" म्हणून दुकानासमोर गाडी लावणारा गृहस्थ तो नियम आपल्याकरिता आहे असे मानीतच नाही. पोलीस शिपाई एका चौकात उभा राहील तर तेवढा चौक मोकळा राहील; तो जेवावयास गेला की पुन्हा पूर्वस्थिती. शिवाय वाहन थांबवून पावती फाडावयाची तर ते वाहन त्याच मार्गिकेत आणखी दहा मिनिटे उभे राहणार, आणि मागची बस तोपर्यंत खोळंबणार! म्हणजे उपाय करतानाच रोग वाढावा, असा हा प्रकार.

परंतु एक गाडी दोन मिनिटे उभी राहिली तर बिघडले काय? पुष्कळ सुशिक्षित माणसेही हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात, आणि वादाचे खरे मूळ येथेच असल्यामुळे त्याचे उत्तर आम्ही सावकाश देणार आहो. विद्यार्थ्यांनी वही व पेन्सिल घ्यावी; गणित साधेच आहे.

समजा, एका मार्गावर दर सहा मिनिटांनी एक बस येते. प्रत्येक थांब्यावर मिनिटास दोन ह्या प्रमाणाने उतारू येऊन उभे राहतात, आणि एका उतारूस बसमध्ये चढण्यास चार सेकंद लागतात. बस थांब्यावर पोहोचेल तेव्हा तेथे बारा माणसे असतील, व त्यांस घेण्यास अठ्ठेचाळीस सेकंद लागतील. वेळापत्रक ह्याच हिशेबाने बांधलेले आहे. येथपर्यंत सर्व ठीक. आता मार्गिकेत एक मालाची गाडी उभी आहे. तिला वळसा घालण्यासाठी बसला शेजारच्या गर्दीत घुसावे लागते, तेवढ्यात पुढचा दिवा तांबडा होतो, आणि बसची दोन मिनिटे जातात. पुढच्या थांब्यावर ती सहाऐवजी आठ मिनिटांनी पोहोचते. तेथे बाराऐवजी सोळा माणसे उभी आहेत. त्यांस चढण्यास चौसष्ट सेकंद लागतात. म्हणजे आणखी सोळा सेकंदांचा उशीर. मालाची गाडी तर केव्हाच मागे राहिली. परंतु उशीर मागे राहिला नाही, तो बसबरोबर पुढे चालला आणि वाढू लागला.

तिच्या मागच्या बसची गोष्ट ह्याच्या उलट. मालाची गाडी एव्हाना निघून गेली आहे, म्हणून ही बस वेळेवर आहे. परंतु पुढच्या बसमध्ये व तिच्यामध्ये आता चारच मिनिटांचे अंतर उरले आहे. तिला थांब्यावर आठच माणसे मिळतात, ती बत्तीस सेकंदांत चढतात, आणि बस वेळेपूर्वी सोळा सेकंद निघते. पुढची बस दर थांब्यावर अधिक मागे पडते, मागची अधिक पुढे सरकते. हाच हिशेब थांब्यामागून थांबा चालवून पाहिला, तर पाचवा थांबा सोडताना पहिली बस सुमारे पावणेचार मिनिटे उशिरा व दुसरी दोन मिनिटांहून अधिक लवकर असते. दोघींमध्ये अवघ्या चार सेकंदांचे अंतर राहते. म्हणजे दुसरी बस पहिलीच्या पाठीस येऊन लागली. पहिलीत मुंगीस शिरावयास जागा नाही, दुसरी अर्धी रिकामी, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या तिसऱ्या बसची वाट पाहणारे लोक पावणेनऊ मिनिटे ताटकळत उभे. प्रत्यक्ष रस्त्यावर हे इतके रेखीव घडत नाही हे खरे. कोठे उतारू कमी असतात, कोठे चालक थोडा वेळ भरून काढतो. तथापि घडण्याची दिशा हीच. न्यूएल व पॉट्स ह्या दोन अभ्यासकांनी १९६४ सालीच ह्या गोष्टीचे गणित मांडून दाखविले होते. "अर्धा तास एकही बस नाही, आणि आल्या त्या दोन एकदम," ही तक्रार आमच्या वाचकांपैकी कोणी केली नसेल असे नाही. तिचा दोष बहुधा चालकाच्या माथी मारला जातो. तो बिचारा मैलभर मागे उभ्या राहिलेल्या एका गाडीचे फळ भोगीत असतो.

आता ह्या बसमध्ये कोण बसलेले असते ते पाहू. दवाखान्यात झाडलोट करणारी बाई, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी, शाळेत जाणारी मुले, मोटार हाकणे आता न झेपणारे वृद्ध. ज्यास स्वतःची मोटार आहे त्याची दहा मिनिटे गेली तर त्याचा चहा निवतो. ज्याच्या हजेरीवर पगार आहे त्याची दहा मिनिटे गेली तर त्याची मजुरी कापली जाते. न्यू यॉर्कसारख्या धनाढ्य शहरात बसचा सरासरी वेग तासास तेरा किलोमीटरच्या आसपास असतो, आणि मॅनहॅटनच्या गर्दीत त्याहूनही कमी. एखादा चपळ मुलगा धावत निघाला तर बसच्या आधी पोहोचेल! मार्गिकेत गाडी लावणारा दहा पावले चालण्याचे वाचवितो, आणि त्याची किंमत त्यास कधीही न दिसणारी शेकडो माणसे चुकती करतात. बसच्या काचेतून दिसणारे ते तोंड त्यास दिसत नाही, म्हणून त्याचे मन निर्ढावलेले असते असे नाही. त्यास हिशेबच ठाऊक नसतो.

मार्गिकेविरुद्ध एक आक्षेप वारंवार घेतला जातो, की "आम्ही गर्दीत अडकलो असता शेजारचा पट्टा रिकामा पडलेला असतो." ह्यात डोळ्यांची फसगत आहे. सिग्नलांमुळे शहरातील एका पट्ट्यातून तासास सहा-सातशे मोटारी गेल्या तरी पुष्कळ झाल्या. प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरले तर हजाराच्या आसपास माणसे पुढे सरकली. त्याच पट्ट्यातून दीड मिनिटास एक बस गेली तर तासास चाळीस बसगाड्या होतात, व प्रत्येकीत पन्नास माणसे धरल्यास दोन हजार माणसे जातात. परंतु बस एखाद्या जागेवरून दोन-तीन सेकंदांत निघून जाते, आणि पुढची सत्त्याऐंशी सेकंदे पाहणाऱ्यास मोकळा डांबरी रस्ताच दिसतो. हा हिशेब जेथे लागू पडत नाही तेथे मात्र आक्षेप खरा आहे, हेही सांगितले पाहिजे. पंधरा मिनिटांस एक बस येत असेल तर तासास दोनशेच माणसे जाणार; तेवढ्यासाठी गजबजलेला पट्टा अडवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. इंग्लंडात एम-फोर ह्या महामार्गावर १९९९ साली सुरू केलेली मार्गिका सतत टीकेचा विषय होऊन २०१० साली बंद करण्यात आली. आधी बसगाड्या पुरेशा असाव्या, मग मार्गिका असावी, आणि तिच्या मागून कॅमेरा यावा. हा क्रम उलटला की लोकांचा रोष होतो, आणि तो अगदीच अनाठायी असतो असे आम्ही म्हणणार नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. न्यू यॉर्क शहरास आपल्या मर्जीने कॅमेरे बसविता येत नाहीत; त्यास राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागते. ती परवानगी २०१० साली मिळाली, आणि काही ठराविक मार्गांवर खांबांना कॅमेरे लागले. २०१९ साली कायद्याची मुदत व व्याप्ती वाढविण्यात आली, आणि खुद्द बसगाड्यांवरच कॅमेरे बसविण्यास आरंभ झाला. ही कल्पना मोठी सोयीची आहे. खांबावरचा कॅमेरा एकाच जागेवर पहारा देतो. बसवरचा कॅमेरा, जेथे जेथे बस अडते तेथे तेथे आपोआप हजर असतो. बस पुढे जात असता मार्गिकेत उभ्या असलेल्या वाहनाची चित्रे, त्याच्या नंबराची पाटी, वेळ व ठिकाण तो नोंदवून ठेवतो. उजव्या हाताने वाहने चालविण्याचा त्या देशाचा नियम असल्यामुळे पुढच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळणाऱ्या मोटारीस क्षणभर मार्गिकेत यावेच लागते, आणि कायदा तिला तशी मुभा देतो. म्हणून एका चित्रावर काम भागत नाही, वाहन खरोखर वाट अडवून होते असे दाखविणारा अनेक अंगांचा पुरावा लागतो. तो पुरावा शहराच्या वाहतूक खात्याकडे जातो, तेथे त्याची तपासणी होते, आणि मग वाहनाच्या मालकास नोटीस निघते. नव्या मार्गावर पहिले साठ दिवस नुसती ताकीद दिली जाते. त्यानंतर पहिल्या अपराधास ५० डॉलर दंड. बारा महिन्यांत तोच अपराध पुनःपुन्हा झाल्यास दंड १००, १५०, २०० असा चढत जाऊन पाचव्या खेपेपासून २५० डॉलर होतो. २०२४ सालच्या जूनपासून ह्याच कॅमेऱ्यांवर आणखी दोन कामे सोपविण्यात आली: बसथांबा अडविणारी वाहने टिपणे, व उभ्या गाडीच्या बाजूस दुसरी गाडी लावून रस्ता रोधणाऱ्यांस टिपणे.

नोटीस मालकाच्या नावे जाते, गाडी कोण हाकीत होता ह्याची चौकशी होत नाही. ह्या कारणास्तव तेथे हा दंड चालकाच्या परवान्यावर नोंदला जात नाही. तो केवळ पैशाचा राहतो. (चिरंजीवांच्या पराक्रमाची नोटीस वडिलांच्या हाती पडण्याचा प्रसंग मात्र ह्यामुळे अटळ होतो, आणि तो पालकांच्या दृष्टीने कदाचित इष्टही असेल.) तसेच, शक्य तोवर चालकाचा किंवा आत बसलेल्यांचा चेहरा चित्रात ओळखू येऊ नये, असे त्या कायद्यात घातलेले आहे. "ही सरकारची टेहळणी आहे" असे म्हणणाऱ्यांस ह्यात अर्धे उत्तर मिळते. अर्धेच म्हणण्याचे कारण असे की, एका कामासाठी बसविलेले यंत्र दुसऱ्या कामास जुंपण्याचा मोह प्रत्येक सरकारास होतो. वर सांगितलेल्या २०२४ सालच्या वाढीतच त्याचा सौम्य नमुना दिसतो. ती वाढ विधिमंडळात रीतसर मंजूर होऊन आली, हा तिचा बचाव होय.

"हे सर्व तिजोरी भरण्यासाठी चालले आहे" हा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. ह्याची कसोटी सोपी आहे. कॅमेरा आपले काम नीट करीत असेल तर त्याचे उत्पन्न कालांतराने घटत गेले पाहिजे, कारण लोक मार्गिकेत शिरावयाचे थांबतील. ज्यास एकदा दंड झाला त्या बहुतेकांकडून तो अपराध पुन्हा घडत नाही, असे न्यू यॉर्कची वाहतूक संस्था सांगते, आणि ह्याचसाठी दंडाची चढती भांजणी आहे. परंतु एखादे शहर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात दंडाच्या रकमेची आशा धरून खर्चाची आखणी करू लागले, तर त्यास लोकांनी नियम पाळू नयेत असेच वाटू लागेल. आक्षेपकांच्या ह्या भीतीस आम्ही हसून वाटेस लावू इच्छीत नाही.

दयेचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. शिपाई मनुष्य असतो. रुग्णवाहिकेस वाट देण्यासाठी कोणी मार्गिकेत शिरला, किंवा गाडी बंद पडून कोणी तेथे अडकला, तर शिपाई ते पाहतो आणि सोडून देतो. कॅमेऱ्यास "केव्हा" व "कोठे" हे दिसते, "का" हे दिसत नाही. ह्यावर कॅमेऱ्याचे कैवारी म्हणतात की, शिपायाची दया सर्वांस सारखी मिळत नाही. ओळखीच्यास मिळते, गोड बोलणाऱ्यास मिळते, चांगल्या कपड्यांतल्यास मिळते, आणि ज्याची भाषा किंवा वर्ण निराळा त्याच्या वाट्यास कधीकधी काठिण्यच येते. यंत्रास मुखवट्याकडे पाहून वागता येत नाही. हे दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही खरे असल्यामुळेच हा वाद एका वाक्यात मिटत नाही.

यंत्र चुकत नाही ही समजूत तर मुळीच धरू नये. २०२४ साली न्यू यॉर्कच्या बसवरील कॅमेऱ्यांनी तीन हजारांहून अधिक चुकीच्या नोटिसा काढल्याचे उघडकीस आले. त्यांत रीतसर परवानगी असलेल्या जागी उभ्या केलेल्या शेकडो मोटारींचा समावेश होता. कॅमेऱ्याची भिंगे निर्मळ होती, चित्रेही खरी होती. परंतु कोणत्या जागी गाडी उभी करण्यास मुभा आहे ह्याविषयी यंत्रास दिलेल्या माहितीत दोष होता. मोटार तेथे उभी होती, एवढेच चित्राने सांगितले, आणि ते सत्य होते. ती तेथे उभी असणे हा अपराध होता, हे चित्राने सांगितले नव्हते, ते त्याच्या तोंडी घालण्यात आले. पुढे चुकीचे दंड रद्द करून पैसे परत देण्यात आले. तरी विचार करण्यासारखी गोष्ट ही की, चुकणारा शिपाई दिवसास दहा-वीस माणसांवर अन्याय करील. चुकणारे यंत्र तीच चूक, त्याच निष्ठेने, हजारोंच्या बाबतीत करते, आणि त्यास मधूनच शंकाही येत नाही.

आमचे मत असे आहे की, कॅमेऱ्यास साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावे, परंतु त्यास न्यायाधीशाच्या आसनावर बसू देऊ नये. उत्तम साक्षीदाराचे गुण त्याच्या ठायी आहेत: तो पाहतो तेच सांगतो, विसरत नाही, लाच घेत नाही. परंतु साक्ष तपासणारा मनुष्य दुसरा हवा, आणि ज्याच्यावर आरोप आला त्यास आपली बाजू मांडण्याची सुलभ जागा हवी. ह्या दुसऱ्या गोष्टीत लंडनची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथे मार्गिकेत शिरणे हे १९९६ सालच्या कायद्यान्वये फौजदारी कक्षेतून काढून दिवाणी दंडाच्या कक्षेत आणले गेले, आणि कॅमेऱ्याच्या पुराव्यावर नोटीस देण्याची मोकळीक मिळाली. नोटीस चुकीची वाटल्यास प्रथम ती देणाऱ्या कचेरीकडे हरकत घ्यावयाची. तेथे समाधान न झाल्यास स्वतंत्र निवाडाधिकाऱ्याकडे दाद मागावयाची. हा अधिकारी दंड वसूल करणाऱ्या कचेरीचा ताबेदार नसतो.

मात्र तेथेही एक गोम आहे. नोटीस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे भरले तर दंड निम्मा होतो. ही सवलत वरवर उदार दिसते. परंतु निर्दोष मनुष्यापुढे ती एक पेच टाकते. निम्मे पैसे भरून मोकळे व्हावे, की पूर्ण रकमेचा धोका पत्करून न्याय मागावा? हातावर पोट असलेला मनुष्य बहुधा पहिली वाट धरील. अपराध न करता दंड भरणारे लोक किती असतील ह्याची मोजदाद कोणत्याही कॅमेऱ्यात होत नाही. आपल्याकडे ई-चलानाच्या बाबतीतही हा प्रश्न नवा नाही. चलानावरील चित्र नीट न पाहता पैसे भरणारे पुष्कळ आहेत. आणि चलानांचा ढीग साठवून लोकअदालतीच्या तारखेची वाट पाहणारेही थोडे नाहीत. पहिल्यांनी चित्र उघडून पाहावे. दुसऱ्यांविषयी काय म्हणावे, ते आम्ही त्यांच्या मुलांवर सोपवितो.

ज्यांच्यापुढे कॅमेरा आंधळा होतो अशा दोन वर्गांचाही उल्लेख केला पाहिजे. नंबराची पाटी झाकून, खरडून किंवा खोटी लावून फिरणारी वाहने न्यू यॉर्कमध्ये इतकी झाली आहेत की त्यांस "भुताच्या पाट्या" असे नाव पडले आहे. दुसरा वर्ग सरकारी परवान्याचा कागद काचेस लावून मार्गिकेत निर्धास्तपणे गाडी उभी करणाऱ्यांचा. ह्यांत पोलीस खात्यातील माणसांचाही भरणा असतो, ही तेथील नागरिकांची जुनी तक्रार आहे. प्रामाणिक पाटी लावणाऱ्या साध्या मनुष्याने दंड भरावा आणि पाटी झाकणाऱ्याने सुटावे, हे चालू राहिले तर कॅमेऱ्याविषयीचा आदर टिकणार नाही. येथे यंत्राचा इलाज चालत नाही. शिपायासच रस्त्यावर यावे लागते.

राहता राहिला दुकानदार. त्याचे म्हणणे आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटते. "माझ्या दुकानात माल आकाशातून पडत नाही," असे तो म्हणतो, "तो गाडीतून येतो, आणि ती गाडी कोठे तरी उभी राहिलीच पाहिजे." पदपथालगतची सारी जागा एकीकडे बसने व दुसरीकडे दिवसभर उभ्या केलेल्या खासगी मोटारींनी व्यापली, तर मालाची गाडी मार्गिकेत उभी राहणारच, आणि तिचा हमाल किंवा चालक दंडाचा धनी होणार. मोठ्या कंपन्या असा दंड धंद्याचा खर्च म्हणून खात्यावर लिहून टाकतात. एका गाडीवर पोट भरणाऱ्यास ते शक्य नसते. म्हणून मार्गिका आखतानाच माल उतरविण्याची जागा, आणि तिची वेळ, आखून दिली पाहिजे. "येथे उभे राहू नकोस" असे सांगणाऱ्याने "तेथे उभा राहा" हे दाखविले, तर पुष्कळसे तंटे कॅमेऱ्यापर्यंत जाणारच नाहीत.

हे शक्य आहे ह्याचे उदाहरण न्यू यॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर पाहावयास मिळाले. तेथे केवळ पट्टा राखून न ठेवता, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सरळ पुढे जाण्याचा हक्क बसगाड्या व मालाच्या गाड्या ह्यांनाच द्यावयाचा, खासगी मोटारीने माणसे सोडण्यापुरते आत यावे व पुढच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळून बाहेर पडावे, असे ठरले. माल येण्याची वाट त्यामुळे बंद झाली नाही, उलट मोकळी झाली. आसपासच्या रहिवाशांना भय पडले की, हटविलेल्या मोटारी त्यांच्या शांत गल्ल्यांत लोटतील. ते न्यायालयात गेले, आणि २०१९ सालचा उन्हाळा त्या दाव्यात गेला. अखेर ३ ऑक्टोबर २०१९ रोजी योजना अमलात आली, व पुढच्या महिन्यात त्या मार्गावरील बसगाड्यांवर कॅमेरे लागले. शेजारच्या रस्त्यांची पाहणी करण्यात आली, तेव्हा तेथे मोटारींचा फारसा फरक पडलेला दिसला नाही. चौदाव्या रस्त्यावर मात्र पहिल्याच दिवसांत एक अशी अडचण उभी राहिली की जिची कोणी कल्पना केली नव्हती. बसगाड्या इतक्या लवकर पुढच्या थांब्यास पोहोचू लागल्या की, वेळापत्रक बिघडू नये म्हणून चालकांना मुद्दाम सावकाश हाकावे लागे.